घरचा राउटर बदलताना: खरेदीआधीची एक संध्याकाळ

मागच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात रात्रभर विजा कडाडल्या आणि सकाळी आमच्या राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लागेना. मोबाइलवर वायफायची खूण दिसत होती, नेट मात्र नव्हतं. आमच्या इमारतीत तेव्हा गच्चीवरून खाली सोडलेल्या तांब्याच्या लॅन केबलने नेट यायचं. त्याच केबलमधून झटका आला आणि राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरून येणारी केबल जिथे खोचतात ते तोंड) जळाला. घरून काम असल्यामुळे मी तासाभरात दुकानातून चार अँटेनांचा, खोक्यावर ठळक '१२००' छापलेला राउटर घेऊन आलो. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि नव्या राउटरवर स्पीड ९४ च्या वर जाईना. आतल्या खोलीत, जिथे मुलगी अभ्यासाला बसते, तिथे रेंज आधी होती तेवढीच.

कारणं नंतर कळली. एक खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं, दुसरं आमच्या घरातच उभं होतं. तेव्हापासून सोसायटीत किंवा नात्यात कुणाचा राउटर गेला की मी आधी त्यांच्या घरी एक संध्याकाळ बसतो आणि मगच दुकानाचं बोलतो. त्या संध्याकाळी काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

पायरी १: राउटरच बिघडलाय ना?

आधी दिवे बघा. घरात फायबर आलं असेल तर ज्या डब्यात ती बारीक, बहुतेक हिरव्या टोकाची वायर जाते, त्यावर 'पॉन' आणि 'एलओएस' अशी नावं असलेले दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर लागलेला असेल तर फायबरमधून प्रकाश येतो आहे. एलओएसचा दिवा लाल असेल तर फायबर कुठेतरी तुटलंय, किंवा घरातच कपाटामागे दुमडलं गेलंय. अशा वेळी कितीही महागाचा राउटर आणला तरी फरक पडणार नाही, केबलवाल्याला फोन करा. फायबरचं टोक काढून त्यात डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दुसरा संशय अडॅप्टरवर घ्या. राउटर दिवसातून चारदा आपोआप बंद-चालू होत असेल तर पुष्कळदा राउटर धडधाकट असतो आणि अडॅप्टर थकलेला असतो. अडॅप्टरवर '१२ व्ही, १ ए' असं काहीतरी लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिन त्याच मापाची व त्याच ध्रुवांची हवी. कुणाकडून तसाच अडॅप्टर मागून एक दिवस लावून बघा. मामीच्या घरी एवढ्याने काम झालं होतं.

आता एक कागद घ्या आणि त्यावर तीन आकडे लिहा. पहिला, लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडून घेतलेला स्पीड. दुसरा, राउटरच्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर उभं राहून मोबाइलवर घेतलेला. तिसरा, घरात जिथे सगळ्यात जास्त कुरकुर होते त्या जागेवरचा. प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजा, आणि शक्यतो रात्री नऊच्या सुमाराला, जेव्हा अख्खी इमारत काही ना काही बघत असते.

केबलवरच स्पीड प्लॅनपेक्षा बराच कमी असेल तर दोष लाइनचा, लॅन केबलचा किंवा पोर्टचा. केबलवर ठीक पण राउटरच्या शेजारी कमी असेल तर राउटर जुना झालाय, किंवा मोबाइल वायफायच्या हळू पट्ट्यावर, २.४ गिगाहर्ट्झवर, अडकलाय. शेजारी उत्तम आणि लांबच्या खोलीत रडारड असेल तर प्रश्न जागेचा आणि भिंतींचा आहे. मी ज्या घरांत बसलो त्यांतल्या बहुतेकांची गत ही तिसरी होती, आणि तरीही प्रत्येकाला नवा राउटरच घ्यायचा होता.

पायरी २: घरात नेमके डबे किती आणि कोणाचे?

काही घरांत एकच डबा असतो. फायबर त्यातच जातं आणि वायफायही तोच देतो. त्याला ओएनटी म्हणतात आणि तो बहुधा कंपनीचा असतो. असा डबा काढून त्याच्या जागी बाजारातला साधा राउटर लावता येत नाही, कारण साध्या राउटरला फायबरचं तोंडच नसतं. ओएनटी ठेवून त्याच्या पुढे राउटर जोडावा लागतो. काही घरांत ओएनटी आणि राउटर वेगळे असतात, तिथे राउटर बदलणं सोपं. आणि आमच्यासारख्या काही इमारतींत घरात नुसती लॅन केबल येते, ती सरळ राउटरच्या वॅन पोर्टमध्ये जाते.

कंपनीला किंवा केबलवाल्याला फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. जोडणी पीपीपीओई पद्धतीची (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी) आहे का, आणि असेल तर युजरनेम-पासवर्ड काय? व्हीलॅनचा क्रमांक (कंपनीने लाइनला दिलेला खुणेचा आकडा) टाकावा लागतो का? जुन्या राउटरचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) त्यांच्याकडे नोंदवून ठेवलाय का? ठेवला असेल तर नवा राउटर जोडल्यावर नेट येत नाही, आणि माणूस उगाच नव्या राउटरला दोष देतो. चौथी गोष्ट, ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे पाठवण्यावर, टाकून देतात का? ही माहिती जुना राउटर चालू असताना, कामाच्या दिवशी मिळवा. रविवारी संध्याकाळी फोन कोणी उचलत नाही.

ओएनटीला लँडलाइनचा फोन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर ब्रिज मोडच्या फंदात पडण्याआधी ते चालू राहतील का ते विचारा. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना सोपा मार्ग पुरतो. कंपनीच्या डब्यालाच राउटरचं काम करू द्यायचं, आपला नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, लावायचा आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करायचं. दोन राउटर एकामागे एक, दोघेही उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटत बसले की कॅमेरा बाहेरून दिसत नाही, ऑनलाइन गेम अडखळतात आणि प्रिंटर एका फोनला सापडतो, दुसऱ्याला नाही. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ही भानगडच राहत नाही.

पायरी ३: भिंती, कपाटं आणि राउटरची जागा

इथे वेळ घाला. पैसे वाचतात ते इथेच.

वायफायचे दोन पट्टे सगळ्यांच्या वापरात आहेत. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आरपार जातं, पण त्यावर गर्दी फार. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चाळीस राउटर ती तीन चॅनेलं वाटून घेतात, त्यात मायक्रोवेव्ह चालू झाला की त्याचाही गोंधळ त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळं, पण भिंत आली की ते लवकर दमतं.

आणि भिंत म्हणजे काय, हे घराघरांत वेगळं. विटेची अर्ध्या फुटाची भिंत ५ गिगाहर्ट्झला त्रास देते, पण अडवत नाही. काँक्रीटची भिंत आणि बीम बरंच अडवतात, कारण आत लोखंडी सळ्या असतात. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती, कोकणातल्या घरांच्या जांभ्याच्या दीड फुटी भिंती, यांच्यापुढे कुठल्याही एका राउटरचा निभाव लागत नाही. पावसाळ्यात जांभा ओल धरतो आणि रेंज आणखी घसरते, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी किंवा पिंप, ही सगळी त्याच पंगतीतली. आमच्या आतल्या खोलीच्या आणि राउटरच्या मधोमध लोखंडी कपाट उभं होतं, आरशासकट.

आता राउटर कुठे असतो ते आठवा. केबलवाला दारातून आत आला, पहिला प्लग दिसला, तिथे डबा ठोकून गेला. म्हणजे राउटर दाराशी, बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, आणि त्याचं निम्मं वायफाय जिन्यात.

खरेदीआधी हा प्रयोग कराच. लांब लॅन केबल मागून आणा, जमिनीवरूनच टाका, राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा आणि ते तिन्ही आकडे पुन्हा घ्या. अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीच्या मापात) दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की गोल गोल फिरायला लागतं. खोल्याखोल्यांतून फिरत हे आकडे कागदावर घराचा आराखडा काढून मांडा. पाच-सात घरांत एवढ्यावरच राउटर न घेता काम भागलं. लॅन केबल भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून घेतली की झालं.

त्या लॅन केबलबद्दल एक सांगतो. ती 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' घ्या आणि टोकाला आठही तारा जोडल्यात का ते पारदर्शक प्लगमधून बघा. कामाच्या घाईत काही जण चारच तारा जोडतात. नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. माझ्या ९४ वर अडकलेल्या आकड्याचं पहिलं कारण मी तिथेच शोधत होतो. तारा आठही नीट होत्या. दोष पुढच्या पायरीत सापडला.

पायरी ४: खोका वाचायला शिका

खोका उलटा करा आणि आधी पोर्टची ओळ शोधा. '१०/१००' एवढंच लिहिलं असेल तर त्या पोर्टमधून १०० एमबीपीएसपेक्षा जास्त येणारच नाही, प्रत्यक्षात ९४-९५. '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' हवं. ही ओळ समोरच्या मोठ्या आकड्यावरून कळत नाही. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही '१२००' वर्गातले, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. पोर्टपुरतं बघायचं तर प्लॅन १०० किंवा त्याहून कमी असताना पहिलाही चालेल, त्यापुढे दुसऱ्याच प्रकारचा घ्यावा लागेल.

समोरचा मोठा आकडा म्हणजे दोन्ही पट्ट्यांची बेरीज. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७, एएक्स१५०० म्हणजे ३०० अधिक १२०१, एएक्स१८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१, एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरजेचा त्याला काही उपयोग नाही. शिवाय हे आकडे आदर्श जोडणीचे. जवळ उभं राहूनही हातात साधारण निम्म्याच्या आसपास पडतं.

मग वायफायची पिढी. वायफाय ५ वर (खोक्यावर 'एसी') अजूनही पुष्कळ घरं नीट चालतात. पण आज नवा घेताना वायफाय ६ च्या (खोक्यावर 'एएक्स') खाली जाऊ नका, असंच मी सगळ्यांना सांगतो. त्याची प्रमाणपत्रं २०१९ पासून दिली जात आहेत, बहुतेक मध्यम किमतीच्या फोनमध्ये ते आलंय, आणि त्याचा खरा फायदा एका फोनच्या स्पीडमध्ये नाही, गर्दीत दिसतो. घरात चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा आणि दोन स्मार्ट बल्ब असले की सगळ्यांना थोडी थोडी वेळ वाटून देण्याचं काम ते जुन्या पिढीपेक्षा चांगलं करतं. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तुमच्याकडे तशी उपकरणं नसतील आणि प्लॅन ३०० च्या आत असेल, तर ते पैसे मी केबल टाकून घेण्यावर खर्च करेन.

६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही खोक्यावर दिसेल. अमेरिकेत तो २०२० मध्येच खुला झाला आणि तिथे त्याची व्याप्ती ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ आहे. भारत सरकारने मे २०२५ मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ हाच खालचा भाग होता. तेव्हा भाचा न्यू जर्सीहून येताना राउटर आणतो म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा. तिकडच्या राउटरची चॅनेलं तिकडच्या नियमांची, वॉरंटी तिकडची, आणि भारतात वापरायच्या वायरलेस उपकरणाला इथली मान्यता लागते. इथे विकला जाणारा, इथलं बिल असलेलाच घ्या.

अँटेना मोजू नका. राउटरने किती ताकदीने प्रसारण करायचं याला कायद्याची मर्यादा आहे. चाराच्या सहा अँटेना झाल्या म्हणून भिंत पातळ होत नाही.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत) असावं, आणि त्या मॉडेलसाठी कंपनी अजून नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढते का, हे तिच्या संकेतस्थळावर बघा. शेवटचं अपडेट चार वर्षांपूर्वीचं असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. घरातल्या सगळ्यांचे बँकेचे व्यवहार ज्याच्यातून जातात, तो डबा अर्धवट सोडून दिलेला नको.

आणि प्लॅन? ४के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं, व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. चौघांच्या घरात १०० एमबीपीएस नीट पोचले तर कुणाचं अडत नाही. म्हणूनच मी पोचण्यावर एवढा जोर देतो.

पायरी ५: एक की दोन?

मधल्या जागी ठेवूनही एखादी खोली उणे ७५ च्या खालीच राहत असेल, घर दुमजली असेल किंवा भिंती जांभ्याच्या असतील, तर एका महाग राउटरपेक्षा दोन साधे चांगले. प्लगमध्ये खोचायचा रिपीटर सगळ्यात स्वस्त, पण तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीत लावतात. तिथे त्यालाच रेंज नसते, तर तो पुढे काय देणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा.

मेश संच, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, अधिक शहाणा. फिरताना फोन आपोआप जवळच्या डब्याकडे वळतो आणि नाव एकच राहतं. पण दोन पट्ट्यांच्या मेशचे डबे आपसात हवेतूनच बोलत असतील तर तिथेही स्पीड वाटला जातो. दोन डब्यांमध्ये लॅन केबल टाकली की फरक लगेच कळतो. नवं घर बांधत असाल किंवा रंगकाम काढलं असेल तर प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या. मामीच्या घरी माडीवर जायला एवढी एकच केबल टाकली आणि जांभ्याची भिंत हा विषयच संपला.

पायरी ६: वीज

गावाकडे भारनियमन, शहरात पावसाळ्यातले झटके. राउटर आणि ओएनटी दोन्ही चालू राहिले तरच नेट राहतं, हे मिनी यूपीएस घेताना लोक विसरतात आणि एकालाच जोडतात. दोन आउटपुट असलेला घ्या, दोन्हींचे व्होल्ट जुळतात ना ते बघा. साधा हिशेब असा: बॅटरी ३० वॅट-अवरची आणि दोन्ही डबे मिळून १५ वॅट खात असतील तर कागदावर दोन तास, प्रत्यक्षात दीड धरा.

लॅन केबल गच्चीवरून येत असेल तर विजा सुरू झाल्या की वॅनची केबल काढून ठेवा. नुसता प्लग काढून पुरत नाही, आमचा पोर्ट केबलमधूनच गेला. शक्य असेल तर घरापर्यंत फायबरच मागवा. काच वीज वाहून आणत नाही.

पायरी ७: नवा डबा जोडताना

ऑनलाइन घेतला तर परत करण्याची मुदत बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेतलात तर दुकानदाराला मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही सांगा. एकाच नावाच्या राउटरच्या आतल्या चिपा आवृत्तीगणिक बदलतात.

जोडताना वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, अक्षरन् अक्षर तोच. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, आजीचा टॅब, सगळे आपणहून जोडले जातात. जुना पासवर्ड अगदीच सोपा असेल, किंवा शेजाऱ्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना पाठ असेल, तर मात्र तो बदला आणि एक तास सगळी उपकरणं जोडण्यात घालवा.

त्यानंतर राउटरच्या आत शिरायचा ॲडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक घरांत तो कारखान्यातून आलाय तसाच राहतो. फर्मवेअर अपडेट करा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करा आणि स्वस्तातले कॅमेरे व बल्ब त्यावरच टाका. सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' अशी मिश्र ठेवली तर जुनी उपकरणं रुसत नाहीत. स्मार्ट प्लग बहुधा २.४ वरच चालतात. जोडणी होत नसेल तर तेवढ्यापुरता ५ चा पट्टा बंद करून जोडा, मग पुन्हा चालू करा. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं निवडा. मधली चॅनेलं रडारशी वाटून घ्यावी लागतात, त्यामुळे विमानतळाजवळ राहणाऱ्यांचं वायफाय मध्येच उडी मारतं.

शेवटी तो पहिल्या दिवशीचा कागद काढा आणि त्याच तीन जागांवर, त्याच वेळेला पुन्हा मोजा. तिसरा आकडा सुधारला नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या.

जुन्या डब्याचं काय?

कंपनीचा असेल तर परत करा आणि पावती घ्या. नाहीतर अनामत अडकते. स्वतःचा आणि धडका असेल तर तोच दुसऱ्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून लावता येतो. त्याचा पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅनच्या पोर्टमध्ये घालायची. आमच्यासारखा वॅन पोर्ट जळालेला राउटरही असा चालतो, लॅनचे पोर्ट शाबूत असले पाहिजेत. आमचा जुना राउटर आज मुलीच्या खोलीत, कपाटाच्या पलीकडे तेच काम करतो आहे. अगदीच निकामी असेल तर मागचं बारीक बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून आतली माहिती पुसा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. अडॅप्टर मात्र ठेवून घ्या, त्यावर कुठल्या डब्याचा ते मार्करने लिहून.